आईच्या गालावरचा डाग

क्लेमेंटिनाचा रंग मिठागरावरच्या उन्हाने रापला होता आणि ती गेल्यावरही तो तिच्या मुलाला, आर्थरला, नडत होता. त्याच्या मुलीचा, फियोनाचा, साखरपुडा ठरवायला त्या संध्याकाळी मुलाकडची माणसं यायची होती. त्याच्या बाळकुमच्या नव्या फ्लॅटच्या भिंतीवर आजीचा फोटो हवा, पण कोणता, यावरून बहीणभावात आठवडाभर जुंपली होती. आर्थरला लग्नातला हवा होता. त्यात स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून आईला एवढी गोरी केली होती, की ती स्वतःच म्हणायची, "ही कुठली बया?"

थोरल्या बहिणीला, हेझलला, मिठाच्या ढिगाजवळ कंबरेवर हात ठेवून उभी असलेली आई हवी होती. तीही मीठ आणि चांदीचं द्रावण लावलेल्या कागदावर, उन्हात छापलेली. या छपाईत चित्र मोठं होत नाही, फिल्म असेल तेवढंच उमटतं. म्हणून तिने बोटभर निगेटिव्हवरून कागदाएवढी निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर शाईने छापून आणली आणि खिडकीला लावली. सगळं उलटं. मिठाचा ढीग कोळशासारखा, आईचं तोंड लख्ख.

हेझल मासळी घेऊन आली तेव्हा आर्थर फिल्मसमोर खुशीत उभा होता.

"बाय, आई छान आलीय गं! गालावर जरा काळपट होतं, ते मी ओल्या फडक्याने पुसून टाकलं."

हेझलने फिल्म उजेडात धरली. डाव्या गालावरची शाई साफ गेली होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"अरे शहाण्या, फिल्मवर शाई नाही तिथे कागद काळा होतो! गोरी करायला गेलास आणि आणखी काळी केलीस."

आर्थरचा चेहरा उतरला. "मग दुसरी काढ ना. खोपटचं छपाईचं दुकान उघडं असेल."

"असेल."

"मग?"

"नाही काढणार."

गच्चीवर तिने कागदावर फिल्म ठेवली आणि वर काच दाबली. उन्हात हळूहळू आई उमटली. ढीग पांढरा, चेहरा तपकिरी, आणि डाव्या गालावर फडकं फिरलं तिथे काळा पट्टा. हेझलला रडू आलं, राग तर होताच. चित्र धुऊन, वाळवून तिने फ्रेममध्ये घातलं आणि हॉलमध्ये लावलं.

"पाहुणे काय म्हणतील?" आर्थरने फ्रेम काढायला हात वर नेला.

हेझल फ्रेमखाली खुर्ची ओढून बसली. "हात लावून तर बघ."

बेल वाजली. चहा झाला, हसणंबोलणं झालं. मग मुलाच्या आईची नजर भिंतीवर गेली.

"या कोण?"

आर्थर कप गोळा करायला लागला.

"आमची आई," हेझल म्हणाली. "मिठागरावर काम करायची."

"आणि गालावर काय झालंय त्यांच्या?"

"तो डाग तिचा नाही," हेझल भावाकडे वळली. "कुणाचा आहे, ते आर्थर सांगेल."