आनंदीची कोरी बाही

आमचे भावोजी, म्हणजे माझे धाकटे दीर श्रीनिवास, एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत. त्या भाद्रपदात ते कात्रजच्या डोंगरावरून टोपलीभर जिवंत सोनकिडे घेऊन नारायण पेठेत आले, आणि मी चुलीपुढेच कपाळावर हात मारून घेतला.

"अहो भावोजी, जिवंत? वासंतीनं कधी जिवंताला हात लावला होता का?"

"वहिनी, आपण आधण ठेवा," एवढंच म्हणाले.

वासंती त्यांची बायको, माझी जाऊ. माहेर कात्रजच्या पायथ्याशी, त्यामुळे त्या रानाचं वर्ष तिला तोंडपाठ. उन्हाळ्यात तिथे नुसते काटे आणि धूळ. मृगात कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे यायचे, मग गुरांच्या वाटेवर शेणाच्या गोळ्या ढकलणारे काळे किडे, आणि श्रावणात बाभळीवर हिरवेगार चमकणारे सोनकिडे. त्यांच्या पाठीवरचे टणक पंख लेकीच्या लग्नाच्या चोळीला टिकल्यांसारखे लावायचे, ही तिच्या माहेरची रीत. पण पंख मेलेल्या किड्यांचेच. मातीत अंडी घालून झाली की ते आपोआप बाभळीखाली पडतात, तेवढेच वेचायचे.

लेकीची, आनंदीची चोळी तिनं गेल्या वर्षी भरायला घेतली. पाठ झाली, डावी बाही झाली. चैत्रात बाळंतपणात वासंती गेली, बाळही गेलं. काय सांगू, घर खायला उठायचं. आईमागे लेकीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं; म्हणून तुळशीच्या लग्नानंतरचाच मुहूर्त धरला. आणि भावोजींनी एकच ध्यास घेतला, आईची चोळी पुरी झाल्याशिवाय पोर बोहल्यावर चढायची नाही. नेमका पाऊस उशिरा आला, किडेही उशिरा निघाले. ते मरून पडेपर्यंत थांबावं, तर परतीचा पाऊस सगळं ओढ्यात वाहून नेणार.

त्यांच्या तोंडाकडे बघून मी आधण ठेवलं. वाफेवर किडे मरतात आणि पंख मऊ होतात, मग सुई शिरते. संतापानं चुलीत लाकडं कोंबली.

आनंदीनं टोपलीवरचं फडकं काढलं. "काकू, हे काय हो?"

बाभळीच्या पाल्याखाली ज्वारीच्या दाण्यांएवढी अंडी पडली होती. एक मादी तर आमच्यादेखत अंडं घालत होती. बिचारीला माती नाही, काही नाही, बांबूच्या कामट्यांवरच घालत होती.

भावोजी बघतच राहिले. चुलीवर पाणी खळखळायला लागलं. त्यांनी स्वतःच भांडं उतरवलं आणि उपरण्यात तोंड खुपसून ढसाढसा रडले. वासंती गेली त्या दिवशीही हा माणूस रडला नव्हता.

"अंडी मातीत पुरायला हवीत ना, वहिनी?"

"हो. बाभळीखालीच."

टोपली उचलून ते तसेच उपाशीपोटी कात्रजला परत निघाले.

परतीचा पाऊस मेला आलाच, आणि असा कोसळला की बाभळीखाली एक पंख उरला नाही.

आनंदी त्याच चोळीत बोहल्यावर उभी राहिली. डावी बाही झळझळत होती, उजवी कोरी. विहीणबाईंच्या नजरेतून काय सुटतंय! "अगबाई, ही एक बाही राहिली वाटतं?"

मी पदर खोचून उत्तर द्यायला पुढे झालेच होते. भावोजींनी मान खाली घातली होती. पण आनंदीनं उजव्या खांद्यापाशी, पंख संपत होते तिथे बोट ठेवलं.

"राहिली नाही हो," ती म्हणाली. "आई इथपर्यंत आली होती."