हार घातलेले छायाचित्र

सोमवारी संध्याकाळी साडेसातला मालिकेऐवजी विशेष कार्यक्रम होता. मालिकेतल्या चार अभिनेत्री या क्षेत्रात कशा आल्या, ते त्या स्वतः सांगणार होत्या. दर्यापुरात मनकर्णाने त्यासाठी स्वयंपाक लवकर उरकला होता. चंद्रभान नेहमीप्रमाणे टीव्हीकडे पाठ करून अंगणाच्या दारात सुपारी कातरत बसला होता. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, आचलने, एसटीतली वाहकाची कायम नोकरी सोडून मुंबई गाठली, तेव्हापासून तो तिच्याशी बोलला नव्हता. तिची मालिका मात्र तो चुकवत नसे. पाहत नसे, ऐकत असे.

पहिली जुईली. मालिकेत ती सर्वांना छळणारी मोठी जाऊ होती. प्रत्यक्षात अकोल्यात तिचा दातांचा दवाखाना होता. "जुने पेशंट अजून फोन करतात," ती म्हणाली, "पण आता दाढ काढून घ्यायला घाबरतात."

"दातवाली होये का हे?" चंद्रभानने मान न वळवता विचारले.

दुसरी चारुता. ती पौरोहित्य करणाऱ्या घरातली. आजोबा मोरोपंत पहाटे शिष्यांना वेदमंत्रांची संथा देत, ती दाराआडून ऐकून पाठ करी. आज तीन पानांचे संवाद तिला एका वाचनात पाठ होतात. तिसरी राज्य पातळीवरची कबड्डीपटू होती. गुडघा गेला आणि नायिकेऐवजी जिन्यावरून पडण्याच्या कामासाठी ती पहिल्यांदा सेटवर आली. चौथी आचल.

"मी दर्यापूर आगारात वाहक होते," आचल सांगत होती. "दर्यापूर–अकोला फेरी. गाडीत शंभर माणसं असायची. शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा, हे मला कोणत्या नाट्यशाळेनं नाही, त्या गाडीनं शिकवलं."

मनकर्णा हसली. दारातला अडकित्ता थांबला होता.

सूत्रसंचालिकेने आवाज हळुवार केला. "आज हे सगळं पाहायला बाबा असायला हवे होते, असं वाटतं?"

आचलने मान खाली घातली. पडद्यावर छायाचित्र आले. पांढरी टोपी, मागे फुटलेल्या कपाशीचे शेत, उन्हाने किलकिले झालेले डोळे. चंद्रभानचेच. छायाचित्राला झेंडूचा हार होता आणि खाली एक ज्योत हलत होती.

"मी मुंबईत येण्याआधीच बाबा गेले," असे म्हणून आचल रडू लागली.

चंद्रभान वळला. त्याने स्वतःला पाहिले. मनकर्णाचा हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला होता आणि तिथेच घट्ट धरून राहिला होता. चित्र आठ-दहा सेकंद राहिले असेल. मग साबणाची जाहिरात लागली.

"म्या मेलो काय?" चंद्रभानने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता. आपल्याला न कळलेली एखादी बातमी विचारावी, तसे त्याने विचारले.

फोन वाजू लागले. अकोल्याहून थोरला मुलगा किशोर बोलला. दुपारीच त्याचे वडिलांशी बोलणे झाले होते, तरी तो म्हणाला, "माय, बाबायले दे बरं एकडाव फोन." आवाज ऐकल्यावरच त्याने श्वास सोडला. तेल्हाऱ्याहून मनकर्णाची नणंद तानुबाई आधी बराच वेळ रडली आणि मग चिडून म्हणाली, "चार वर्सं झाले अन् सख्ख्या बयनीले सांगतलं नाई?"

"अवो बाई, ते इथी जेवून राहिले," मनकर्णा म्हणाली.

सकाळी शेजारचे शेषराव आले. "चंद्रभान भाऊ, तेरवीचं जेवन तं तुमी बुडवलं. आता वर्षश्राद्धाले तरी आवतन द्या." एरवी चंद्रभानने याला तोडीस तोड उत्तर दिले असते. आज तो शेषरावांच्या चपलांकडे पाहत राहिला. शेषराव थोडा वेळ बसले, चहा न घेताच उठले आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या हाताने तो जास्त खचला. सांत्वनाला आलेली माणसे असाच हात ठेवतात.

दुपारी आचलचा फोन आला. मनकर्णाला एका कानाने कमी ऐकू येत असल्याने तिचा फोन नेहमी स्पीकरवर असे.

"माय, शिव्या मंग देजो. अगुदर आयकून घे."

"जित्या मानसाले हार घातला तुनं."

"हार म्या नाई घातला. मी फक्त फोटू देल्ला. हार कार्यक्रमवाल्यायनं लावला. पाह्यला तवा कॅमेरा सुरू झाला होता."

"अन् बाप गेला म्हनून कोनी सांगतलं?"

मग आचल सांगू लागली. तिच्या आधी मालिकेच्या निर्मात्याकडे एक मुलगी होती. त्या मुलीच्या वडिलांनी सेटवर येऊन, सर्वांसमोर हात धरून तिला घरी नेले होते. तेव्हापासून गावाकडून आलेल्या मुलीकडून तो वडिलांच्या सहीचा 'हरकत नाही' असा कागद घेई. कायद्याने त्याची गरज नव्हती. पण कागदाशिवाय काम नव्हते.

"तो कागद घेऊन मी दोनदा दर्यापूरले आली होती. आठवते का तुले?"

मनकर्णाला आठवत होते. पहिल्या वेळी चंद्रभानने कागद न वाचता परत केला होता. दुसऱ्या वेळी, आचल अंगणात शिरताना पाहून तो मागल्या दाराने शेतात गेला आणि तिची गाडी सुटेपर्यंत आला नव्हता.

"मंग त्यायनं विचारलं, बाप सही काहून देत नाई? म्या म्हटलं, बाप नाई. तवापासून तेच लिहिलं हाय सगळीकडे."

"अन् रडली ते?"

"ते म्या खरंच रडली, माय."

पुढचे वाक्य आचलने दोनदा सुरू करून सोडले. रविवारी अमरावतीला तिचा सत्कार होता. वाहिनीची माणसे चित्रीकरणाला येणार होती. मंचावर आई हवी, असे त्यांनी ठरवले होते.

"त्या दिवशी कुंकू नको लावजो. मंगळसूत्र पदराआड ठेवजो. दोन तासाचं काम हाय. खोटं उघडं पडलं तं मले काढून टाकतीन. मंग कोनीच घेत नाई."

मनकर्णाने फोन दूर धरला. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीही नर्सने पुसलेले कुंकू तिने शुद्धीवर येताच मागून घेतले होते.

"तुले समजून राहिलं का, तू काय मागून राहिली?"

"समजून राहिलं."

"येते म्हन तिले," चंद्रभान दारातून म्हणाला.

आचलने चार वर्षांनी वडिलांचा आवाज ऐकला होता. तिने काही बोलण्याआधी तो अंगणात निघून गेला.

मनकर्णा त्याच्या मागे गेली. "तुमी होकार देल्ला? माह्या कपाळाचा?"

"सही म्या देल्ली नाई. तिनं तिचा रस्ता काढला. आता तिचं पोट त्याच्यावर हाय."

"अन् मी?"

"दोन तास तं हाय," तो म्हणाला आणि स्वतःच्याच शब्दांनी दचकला.

रविवारी किशोर दोघांना अमरावतीला घेऊन गेला. चंद्रभानने टोपी घातली नव्हती. छायाचित्रातला माणूस टोपीने ओळखू आला असता. तो सभागृहाच्या शेवटच्या रांगेत खांबाजवळ बसला. मनकर्णा प्रसाधनगृहात गेली. आरशासमोर पदराचे टोक ओले करून तिने कपाळ पुसले. कुंकू निघाले, पण इतक्या वर्षांची फिकट खूण राहिली. ती बाहेर आली तेव्हा किशोरने मान फिरवली. आचल तिच्या पाया पडली, पण वर पाहून कपाळाकडे बघण्याचे धैर्य तिला झाले नाही.

मंचावर पाच स्त्रिया होत्या. सत्काराआधी दीपमाला नावाची कार्यकर्ती हळदीकुंकवाचे ताट घेऊन आली. तिने अध्यक्षबाईंना कुंकू लावले, एका प्राध्यापिकेला लावले, आचलला लावले. मनकर्णासमोर ती क्षणभर थांबली, आदराने वाकून नमस्कार केला आणि ताट घेऊन पुढच्या बाईकडे गेली. तिच्या वागण्यात काहीही वाईट नव्हते. तिला लहानपणापासून असेच शिकवलेले होते.

मनकर्णाने किंचित पुढे केलेले कपाळ मागे घेतले.

मागे चंद्रभानच्या शेजारी देवीदास नावाचे निवृत्त शिक्षक बसले होते. अर्ध्या तासापासून ते त्याला बिनबापाच्या पोरीचे धैर्य समजावून सांगत होते. "पाहा," ते कुजबुजले, "मायचं तोंड कसं उतरलं. बाप असता तं आज कसा मिरवला असता." चंद्रभानने फक्त मान हलवली.

आचल खुर्चीवरून उठली. तिने दीपमालाच्या हातून ताट घेतले, आईसमोर गेली आणि त्या फिकट खुणेवर ठसठशीत कुंकू लावले.

मग सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपक उचलला. "वैधव्याची रूढी मोडणारं हे पाऊल! जोरदार टाळ्या!" माणसे उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षबाईंनी डोळे टिपले. वाहिनीचा कॅमेरा मनकर्णाच्या कपाळाजवळ आला.

मनकर्णा भयचकित होऊन मुलीकडे पाहत होती. खोटे उघडे पडले नव्हते. ते दुप्पट मोठे झाले होते. आचल काहीही न बोलता खाली बसली असती, तरी उद्या तिचे नाव साऱ्या महाराष्ट्रात झाले असते.

आचलने ध्वनिक्षेपक घेतला.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. टाळ्या थांबेनात. मग तिने गाडीतला जुना आवाज काढला आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माझी आई विधवा नाही. माझे बाबा जिवंत आहेत. मी खोटं बोलले. कामासाठी त्यांची सही हवी होती, त्यांनी ती दिली नाही, म्हणून ते मेले असं मी सांगितलं. ते इथंच आहेत, मागं, खांबाजवळ."

कॅमेरामनने वाहिनीच्या माणसाकडे पाहिले आणि कॅमेरा खाली घेतला. कुणीतरी संतापून "हे काय नाटक?" असे म्हणाले. खुर्च्या करकरल्या. पाचशे माना मागे वळल्या.

चंद्रभानला उठता येईना. शेजारी बसलेले देवीदास गुरुजी त्याच्याकडे पाहत होते. ज्याच्याजवळ इतका वेळ मेलेल्या बापाबद्दल हळहळलो तो हाच, हे त्यांना हळूहळू उमगत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता अविश्वास होता.

"सही काहून नाई देल्ली, भाऊ?" त्यांनी हळूच विचारले.

चंद्रभानने तोंड उघडले. सरकारी नोकरी, गाव, जात, लोक काय म्हणतील: चार वर्षे ज्या कारणांवर तो ठाम उभा होता ती सगळी त्याला आठवली, आणि त्यातले एकही त्या माणसाला सांगण्याजोगे त्याला वाटले नाही.