तालमीबाहेर सांगायचं नाही

उल्हासची गाडी दारात बघितली आणि भव्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्या गल्लीत रिक्षा वळवायची मारामार, तिथं ही भलीथोरली पांढरी गाडी आडवी लावलेली, मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून बेजार, आणि घरात दोड्डप्पा, म्हणजे थोरले काका खंडोजी, फेटा बांधून लग्नाला निघाल्यासारखे तयार!

"रणवीरलाही घ्या गाडीत," खंडोजी म्हणाले. "समितीला दिसू दे या खेळानं काय होतं ते."

"दिसू दे म्हणजे? माझा भाऊ काय दसऱ्याच्या मिरवणुकीतला हत्ती आहे?" भव्या कडाडली. "आणि गाडी कुणाची, उल्हासची? ज्यानं त्याला पिंजऱ्यात उतरवलं, त्याच्याच गाडीत?"

"त्याला पश्चात्ताप झालाय."

"पश्चात्ताप! त्याला?"

खंडोजी फेटा सारखा करत गाडीकडं निघाले. ते भव्याच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरही त्यांच्या शब्दावर चालायचं आणि मागच्या गल्लीतली तालीमही. गल्लीतले कन्नडिग तिला गरडी म्हणायचे आणि खंडोजींना अण्णा. भव्याची आई, सकवारबाई, त्यांच्यासमोर उभीसुद्धा राहायची नाही. मग तोंड कोण उघडणार? भव्यानंच.

आज बोलायचं होतं ते समितीपुढं. एमएमएच्या झुंजी, म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा सगळं एका पिंजऱ्यात, राज्यात कायदेशीर कराव्यात की नाही, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारनं ही समिती बसवली होती. भव्या स्वतः लढायची. शिकायची इंदिरानगरच्या जिममध्ये आणि लढायला जायची परराज्यात. तिला कायदा हवा होता. कायदा झाला की पिंजऱ्याशेजारी डॉक्टर बसवावाच लागेल, दारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी करावीच लागेल. एवढंच तिचं मागणं, आणि नेमकं तेच हाणून पाडायला दोड्डप्पा निघाले होते.

बंगळूरात अशा झुंजी होतच नाहीत म्हणे. हो का! गेल्या नवरात्रात एचएसआर लेआउटच्या पलीकडं एका गोदामात, भर दुपारी, बाहेर 'फिटनेस शो'ची पाटी लावून उल्हासनं काय भरवलं होतं मग? भजन? रणवीर, तिचा सख्खा धाकटा भाऊ, त्या दिवशी उतरला. वजन गटात बसवायला त्यानं आदल्या दिवसापासून पाणी तोडलेलं, अंगाला प्लास्टिक गुंडाळून घाम काढलेला. तसल्या सुकलेल्या अंगानं पोरानं डोक्यावर ठोसे खाल्ले. पुतण्या कसा लढतो ते बघायला खंडोजी स्वतः पिंजऱ्याला नाक लावून उभे होते. डॉक्टर? कसला डॉक्टर आणि कसलं काय! उल्हासनं बर्फाची पिशवी हातात ठेवली आणि पाठीवर थाप मारली.

घरी येऊन रणवीरला उलट्या सुरू झाल्या. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. भव्या तेव्हा परगावी होती. आईनं तिला सगळं नंतर रडत सांगितलं. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? खंडोजी म्हणाले, "नवरात्राचे कडक उपास धरलेत. पाणीसुद्धा घेत नाही. चक्कर येऊन पडला." डोळ्यावरची सूज? "उंबरा लागला." पोरगा खरंच सुकलेला, कपाळाला देवीचा मळवट, सोबत असला भारदस्त माणूस. डॉक्टरला खोटं का वाटेल? त्यानं सलाईन लावलं आणि घरी पाठवलं.

तालमीची रीतच तशी. आतली दुखापत बाहेर सांगायची नाही. सांगितली तर मारणाऱ्यावर आळ येतो, तालमीची अब्रू जाते. खांदा निखळला तरी घरी सांगायचं, जिन्यावरून पडलो. खंडोजींच्या वडिलांपासून हे चालत आलेलं, आणि चाललंही, कारण खांदा बसवायला वस्ताद होते. डोक्यातलं रक्त कोण बसवणार होतं? सकाळी रणवीरचा डावा हात उचलेना. मोठ्या हॉस्पिटलात खंडोजींनी 'सरावात पडला' म्हणून सांगितलं; तिथं डोकं उघडून जीव वाचवला. डावी बाजू मात्र गेली ती गेलीच, आणि जीभ जड झाली. एका हाकेत आख्खी तालीम जमवणारा पोरगा आता पाणी मागायलाही वेळ घेतो. आणि दोड्डप्पा म्हणतात, खेळ वाईट!

सभागृहात खंडोजी कन्नडमधून बोलले. काय बोलले! मातीची कुस्ती म्हणजे संस्कार, पिंजरा म्हणजे खाटीकखाना. मग रणवीरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हा माझा पुतण्या. या खेळाच्या नादाला लागला, सरावात पडला, आयुष्याचं वाटोळं झालं. परवानगी देऊ नका." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या? उल्हासनं. का नाही वाजवणार! कायदा आला की डॉक्टर आला, विमा आला, पोलिसांची तपासणी आली. बंदीइतकी सोय त्याला दुसरी कुठली होती? हे शेंबड्या पोराला कळावं, ते दोड्डप्पांना कळत नव्हतं.

भव्याचं नाव पुकारलं. ती घरून बोलायचं घोकून आली होती, ते सगळं बाजूला राहिलं.

"माझा भाऊ सरावात पडला नाही," ती म्हणाली. "झुंज झाली. याच शहरात. लोक तिकीट काढून आले होते. डॉक्टर नव्हता."

समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे बघा अम्मा, पोलिसांच्या दप्तरी अशी एकही झुंज नाही. हॉस्पिटलात झुंजीतली म्हणून एकही दुखापत नोंदलेली नाही. जे होतच नाही, त्याला कायदा कशाला?"

"कुणी सांगतच नाही तर दप्तरात कुठून येणार?"

"मग साक्षीदार?"

तेवढ्यात रणवीरनं उजवा हात वर केला. खुर्चीला धरून तो उभा राहिला. "मी... लढलो," तो म्हणाला. एकेक शब्द त्याला ओढून काढावा लागत होता. "हरलो. ड... डॉक्टर... नव्हता."

उल्हासचा वकील लगेच उठला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, मुलाबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. पण ज्याच्या मेंदूला इजा झालीये, त्याच्या आठवणीवर कायदा करायचा का?"

भव्याला वाटलं, आत्ताच्या आत्ता या माणसाची मान काखेत दाबावी. आधी पोराचं डोकं फोडायचं, आणि मग डोकं फुटलंय म्हणून त्याचं ऐकायचं नाही! अरे, लाज कशी वाटत नाही? ती हे ओरडूनच बोलली असणार, कारण अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला.

"बसा. डोकं शाबूत असलेलं कुणी होतं का तिथं? नसेल तर आम्ही पुढं जातो."

भव्या वळली. दोड्डप्पा खाली बघत होते. "विचारा यांना," ती म्हणाली. "हे होते."

उल्हास खंडोजींच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "अण्णा, तालमीतली गोष्ट तालमीत. सरी ना, ठीक?"

खंडोजींनी दात आवळून घेतले. भव्याला ते थोबाड चांगलं ओळखीचं होतं. आता ते मान हलवणार, 'पडला' म्हणणार, आणि सगळं पुन्हा त्या गोदामात जाऊन बसणार. अध्यक्षबाईंनी कागद उलटला, कारकुनानं पुढचं नाव वाचायला सुरुवात केली. रणवीर अजून उभाच होता. खुर्चीला धरून दोड्डप्पांकडं बघत होता.

खंडोजींनी उल्हासचा हात गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवला.

"मी होतो," ते उठून म्हणाले. "झुंज यानं भरवली. पोराच्या डोक्याला मार लागला. तीनदा. तिसऱ्या ठोशाला त्याचे डोळे फिरले. मी पाहिलं." मग त्यांनी परत सांगितलं. "डोक्यालाच लागलं होतं, बाई. लिहून घ्या."

उल्हास उभा राहून काहीतरी ओरडत होता. वकील त्याला खाली ओढत होता. कारकुनाचं पेन चालू झालं. एवढी वर्षं कुणी तालमीबाहेर जे बोललं नव्हतं ते खंडोजी बोलले, आणि आता मायेचा एखादा शब्द मिळेल म्हणून त्यांनी भव्याकडं पाहिलं.

भव्यानं आधी रणवीरला धरून खाली बसवलं.

"हे त्या दिवशी डॉक्टरला सांगायचं होतं, दोड्डप्पा," ती म्हणाली.