वाटीतली मुंगी

वाटीत अंकिताचं दूध होतं आणि दुधात एक मुंगी. अंकिताच्या सासूबाई, साळूबाई, डोळे बारीक करून बघत होत्या. मुंगीनं पाय झाडले आणि ती थांबली.

"बघ, मेली! दूध बाधलंय तुजं. पोराला आता पाजायचं न्हाई."

अंकिताच्या आठ महिन्यांच्या ऋषिराजला आठवडाभर जुलाब होत होते. आपल्याकडे अजूनही काही घरांत अशा वेळी आईचं दूध असंच तपासतात: मुंगी मेली, तर दूध बाधलं.

घरच्या म्हशीचं दूध सुरू झालं. जुलाब वाढले, फेसाळ, आंबूस वासाचे. पोट फुगलं, ढुंगणाची कातडी लालभडक झाली. "लय वाळलं गं," म्हणत साळूबाई आणखी एक वाटी पाजत. अंकिता मोरीत जाऊन आपलं दूध पिळून टाकत होती.

चौथ्या दिवशी बाळ रडलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. सकाळपासून लघवीही नव्हती.

"आत्या, मी दवाखान्यात निघाले," म्हणत अंकितानं बाळाला उचललं. साळूबाई मागोमाग धावल्या.

कवठे महांकाळच्या दवाखान्यात डॉक्टर चंदनबालांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली.

"अंगातलं पाणी आटलंय. आणखी उशीर केला असता तर!" त्यांनी लगेच चमच्याचमच्यानं ओआरएस सुरू करवलं. "म्हशीचं दूध कुणी द्यायला सांगितलं?"

"मीच. हिच्या दुधात मुंगी मेली," साळूबाई ताठ्यानं म्हणाल्या.

"आजी, म्हशीच्या दुधात टाकली असती, तर पोहून काठाला लागली असती का?"

डॉक्टरांनी बाळाच्या फुगलेल्या पोटावर बोट ठेवलं.

"दुधातली साखर पचवणारा रस आतड्याच्या अस्तरात तयार होतो. जुलाबानं ते अस्तर सोलवटलंय. न पचलेली साखर पोटात आंबते, म्हणून हा फेस. ती साखर आईच्या दुधातही असते. पण ते आतडं भरून आणतं, म्हणून ते थांबवायचं नाही. म्हशीचं दूध मात्र वर्षाचा होईपर्यंत बंद. मऊ वरणभात द्या, जिंकचं औषध चौदा दिवस. आतडं बरं झालं की बहुतेक बाळांना दूध पुन्हा पचतं."

"म्हंजी चार दिस मीच पोराच्या तोंडचं काढलं व्हय?"

साळूबाईंनी नातवाला अंकिताच्या मांडीवर ठेवलं आणि पदराचा आडोसा धरून उभ्या राहिल्या. "पाज, पोरी."

दोन तासांनी बाळाला लघवी झाली. साळूबाई तो ओला लंगोट घेऊन नर्सला दाखवायला धावल्या!

वाचकहो, जुलाब फेसाळ आणि आंबूस असतील, पोट फुगलं असेल, तर बाळाला डॉक्टरांकडे न्या. आईला दोष देण्यात गेलेला प्रत्येक तास बाळाच्या अंगातलं पाणी घेऊन जातो.