आपण म्हणजे कोण कोण

सिग्नल हिरवा झाला आणि चौकाच्या ऐन मधोमध गाडी पुन्हा बंद पडली. स्टिअरिंगवर एक केक बनवणारा गृहस्थ होता. क्रीमचे गुलाब काढताना त्याचा हात म्हणे जराही हलत नसे, पण डावा पाय क्लचवर आला की तो पाय त्याचा राहत नसे. मागच्या गाड्यांनी हॉर्नवर हात दाबून धरले.

"क्लच पूर्ण दाबा. आता किल्ली," शेजारी बसलेली बाई म्हणाली. शेजारी बसून गाडी शिकवणं हाच तिचा धंदा. शिकणारे तिला मॅडम म्हणत. नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला. गोंधळलेल्या केकवाल्यानं किल्ली सोडून डॅशबोर्डवरचं फोनचं बटण दाबलं.

"अगं, आपण निघायचं कधी?" गाडीभर नणंदेचा आवाज घुमला. "म्हणजे यांची औषधं आणून ठेवते. आणि खिडकी मला हं, मला मळमळतं."

"कुठं निघायचं, ताई?"

"अगं, समुद्रावर! विसरलीस की काय?"

बाईचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर असा काही पडला, की केकवाल्यानं एव्हाना किल्ली फिरवून चालू केलेली गाडी जागच्या जागी आचके देऊन थंड झाली. या वेळी चूक केकवाल्याची नव्हती, पण सॉरी तोच म्हणाला.

गाडी शिकवणारी बाई म्हणजे गाडी पुष्कळ चालवत असणार असं लोकांना वाटतं. लोकांना काय, काहीही वाटतं. ती सारा जन्म शेजारी बसली होती. पायाखाली जादाचा ब्रेक, जादाचा क्लच, हात रिकामे, आणि तोंडाचा पट्टा मात्र सकाळपासून अखंड: आरसा बघा, गिअर बदला, अहो सायकल, सायकल! संध्याकाळी घसा बसलेला असे. मग घरच्या गाडीनं कुठं जायचं झालं तर नवरा म्हणे, "तू दमलीस, मी चालवतो." तो ते मायेनं म्हणे, तेच तर दुखणं होतं. मायेनं म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

दर हिवाळ्यात सरावाच्या मैदानावर बर्फाचा पापुद्रा धरला की ड्रायव्हिंग स्कूलला सुट्टी लागे. यंदा मुलगी नोकरीसाठी लांब गेलेली, घर मोकळं. तेव्हा तिनं बेत केला: डोंगर उतरून उबदार किनारा गाठायचा, स्वेटर काढून मागच्या सीटवर भिरकावायचे, आणि समुद्र एका हाताला ठेवून रस्ता नेईल तिकडं आठवडाभर जात राहायचं. ती आणि नवरा, दोघंच. स्टिअरिंगवर ती. नकाशावर तिनं पेन्सिलीनं रस्ता काढला होता, आणि रोज भांडी आवरून झाली की ती तो रस्ता बोटानं एकदा चालवून येई. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेलं हे एवढंच होतं.

दुपारी ती तडक नवऱ्याच्या दुकानात गेली. त्याचं चष्म्याचं दुकान. दाराशी बसवलेल्या घंटीपेक्षा तोच जास्त बोले. समोरच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ चाचणीची जड चौकट नाकावर सांभाळत बसले होते, आणि हा त्यात भिंगं घालत होता. "आपण आता जरा दुसरं भिंग लावू हं. हां, आता खालची ओळ. मघाशी बरं होतं की आता? वा, नजर तर तरण्याबांड माणसाची आहे आपली!"

गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "ताईंना काय सांगितलंत तुम्ही?"

"कुठं काय?" तो भिंगं फडक्यानं पुसू लागला. "सुट्टीत काय करताय विचारलं तिनं. मी म्हटलं, आपण समुद्राकडं जातोय."

"आपण?"

"आता... निघून गेलं तोंडातून."

आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द ज्यानं कुणी वेगळे करून ठेवले, त्यानं संसार पाहिलेला असणार. 'आम्ही जातोय' म्हटलं की ऐकणारा म्हणतो, जाऊन या, सुखानं या. 'आपण जातोय' म्हटलं की तो बॅग काढतो. एका शब्दाचा फरक, पण त्या फरकात आख्खं सासर मावतं. आणि हा माणूस दिवसभर दुकानात सगळ्या जगाशी 'आपण आपण' करत बसलेला. वळण पडलं असेल जिभेला, म्हणून तिनं राग गिळला.

"आजच्या आज फोन करा आणि सांगा, आम्ही दोघंच जातोय म्हणून."

"सांगतो ना."

"आज."

"सांगतो म्हटलं ना. ताईला काही लागणार नाही अशा बेतानं सांगायला हवं."

बेत काही जमेना. एक दिवस ताईचा फोन लागला नाही, एक दिवस लागला पण ती बाहेर होती, एक दिवस हाच विसरला. संध्याकाळी घरी तिनं विचारायचं आणि त्यानं ताटातून डोकं वर न काढता "उद्या" म्हणायचं. घरात त्याचं बोलणं हल्ली एवढंच उरलं होतं. मुलगी होती तेव्हा तिच्या मार्फत तरी वाहतूक चालू असे: बाबांना सांग चहा झाला, आईला विचार किल्ली कुठंय. आता चहा झाला की कप नुसता पुढं ठेवायचा.

आणि रविवारी दुपारी नणंद आणि तिचे यजमान बेत ठरवायला येऊन थडकले.

नणंदेच्या यजमानांचं नाव तिनं मनातल्या मनात सूचनापेटी ठेवलं होतं. तोंडावर अर्थात भाऊजी. स्वतः काडी इकडची तिकडं करायची नाही, पण सूचना विचारू नका. ते टेबलाशी बसले, चष्मा कपाळावर चढवला, तिचा नकाशा स्वतःकडं फिरवून घेतला आणि खोडरबर मागितलं.

"हा घाट नको. हिला वळणं सोसत नाहीत. हा लांबचा रस्ता धरू, पूर्ण सरळ आहे."

"पण भाऊजी, तिकडून समुद्रच दिसत नाही."

"समुद्र काय, शेवटी दिसेलच की. तो कुठं जातोय?" त्यांनी तिची पेन्सिलीची रेघ खोडली. "आणि दर तासाला थांबायचं. माझं तुम्हाला माहीत आहेच. सकाळी नवाच्या आत निघायचं नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो बिस्किटांच्या बशीकडं पाहत होता.

"आता मुख्य मुद्दा," सूचनापेटी म्हणाली. "तुमच्या त्या डबीत चार माणसं आणि सामान मावायचं नाही. मी मोठी गाडी बघून ठेवलीय. ऐसपैस. ड्रायव्हरसकट."

"ड्रायव्हरसकट?"

"म्हणजे कुणालाच त्रास नको. तुम्ही मागच्या रांगेत बसा, तुम्ही बारीक आहात. सामान तुमच्या शेजारी राहील."

घरचं झालं थोडं, त्यात व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात. इथं घोड्यावर स्वारही आधीच बसून आला होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकं काय होतं ते तिला त्या क्षणी कळलं. ती म्हणाली, "गाडी मी चालवणार होते."

"अहो, रोज तेच करता ना?" भाऊजी हसले. "सुट्टीत तरी आराम करा."

"रोज मी तेच करत नाही! रोज मी शेजारी बसते! ओरडत!" तिचा आवाज इतका चढला की नणंदेच्या हातातला कप बशीवर वाजला. "ताई, माफ करा, पण आता सांगतेच. ह्यांच्या तोंडून चुकून 'आपण' गेलं. ह्यांना 'आम्ही' म्हणायचं होतं. आम्ही दोघं जाणार होतो. गेला आठवडाभर हे तुम्हाला तेच सांगणार होते."

नणंद रडेल, नाहीतर तरातरा उठून जाईल, असं तिला वाटलं. नणंदेनं कप खाली ठेवला आणि भावाकडं वळून पाहिलं.

"चुकून?" ती म्हणाली. "अरे, मी तुला विचारलं होतं ना? आपण म्हणजे कोण कोण? तू म्हणालास, आपण चौघं. मी म्हटलं, पोरगी गेल्यापासून तुम्ही दोघं कुठं गेला नाहीत, दोघंच जा. ऐकलंस का? दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. याच म्हणून. परवा पुन्हा." मग ती वहिनीकडं वळली. "मला मेलीला गाडीत अर्ध्या तासात उलटी होते. मी काय हौसेनं निघाले होते? म्हटलं, भाऊ इतकं गळ्यात पडतोय, तर काही अडचण असेल."

सगळे तिच्या नवऱ्याकडं बघू लागले. सूचनापेटीसुद्धा.

"मग आम्ही नाही आलो तर चालेल ना?" नणंदेनं अगदी आशेनं विचारलं. चालेल असं कळल्यावर तिनं इतक्या मोकळेपणानं श्वास सोडला की बघणाऱ्याला हसू यावं. जाताना दारात तिनं वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि भावाला नुसतं म्हणाली, "बोल बाबा तिच्याशी."

दार लागल्यावरही तो टेबलाशीच बसून राहिला. ती त्याच्या समोर उभी राहिली. राग तर होताच, पण रागाखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त बोचत होतं. इतकी का नकोशी झाले मी, असं तिला वाटत होतं. तिनं तेच विचारलं.

"माझ्याबरोबर एकट्यानं जायचं नव्हतं तुम्हाला?"

"तसं नाही."

"मग कसं?"

त्यानं बराच वेळ खोडरबराचा चुरा बोटानं गोळा केला. "आठवडाभर," तो म्हणाला. "गाडीत. तू आणि मी. बोलायचं काय?"

ती समोरच्या खुर्चीत टेकली.

"दुकानात बरं असतं. समोरच्याला काय विचारायचं ते ठरलेलं असतं. घरी आलो की मला काही सुचतच नाही. पोरगी होती तेव्हा कळलं नाही. इथं निदान मी टीव्ही लावतो, तू नकाशा घेऊन बसतेस. गाडीत कुठं जाणार? तुला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं, की ह्या माणसाकडं बोलायला काही उरलेलं नाही."

तिला रडू यायला हवं होतं. आला तो संतापच.

"अहो, बोलायला माणूस मागितला होता कुणी? दिवसभर बोलून बोलून माझा घसा फाटतो! गाडीत बसून कुणी गप्प राहिलेलं मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही! तुम्हाला सुचत नाही तर नसू दे सुचत! एवढ्यासाठी खोटं बोललात? एवढ्यासाठी माझा समुद्र खोडायला बसवलंत त्यांना?"

तो पुन्हा चुऱ्याकडं वळला. अर्थात.

"उठा," ती म्हणाली. "कोट घाला."

"कुठं?"

"उठा म्हणते ना."

खाली गाडीच्या काचांवर धुकं धरलेलं होतं. ती सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसली. तो नेहमीप्रमाणे त्याच दाराशी गेला, थबकला, आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आत शिरला. शहराबाहेरून जाणारा मोठा रस्ता रविवारचा बराचसा रिकामा होता. तिनं गिअर टाकले आणि सुटली. कुणाला आरसा बघा म्हणायचं नव्हतं, कुणाच्या गुडघ्याकडं लक्ष ठेवायचं नव्हतं. तो शेजारी पट्टा घट्ट धरून बसला होता. हुं नाही की चूं नाही. प्रत्येक वळणावर त्याचा पाय तिथं नसलेला ब्रेक दाबत होता, आणि ते तिला दिसत होतं, कारण त्या सीटवरच्या पायाची सगळी दुःखं तिला पाठ होती. टोलनाक्याच्या अलीकडं तिनं गाडी वळवली आणि तशीच परत आणली. जाता-येता दोघांत एक शब्द झाला नाही, आणि तिच्या घशाला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तिनं इंजिन बंद केलं. मग तो म्हणाला, "त्या टँकरच्या फार जवळ गेली होतीस."

"पुरेसं अंतर होतं."

"माझं चष्म्याचं दुकान आहे. अंतर मला कळतं."

"आणि ब्रेक मला कळतो. शिकवते मी."

"शिकणारे बिचारे कसे शिकतात कोण जाणे. वळणावर वेग कमी करायचा असतो, एवढं मलासुद्धा माहीत आहे."

"तुम्हाला? तुम्ही दुसऱ्या गिअरवर आख्खा पूल ओलांडता, इंजिन गळा काढून रडतं तरी ऐकू येत नाही तुम्हाला!"

"आजवर हे कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही मायेनं चालवत होतात ना!"

जिन्यात दोघांचे आवाज इतके चढले, की पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकेनं दार किलकिलं करून पाहिलं आणि गुपचूप लावून घेतलं. तो दोन पायऱ्या मागून धापा टाकत चढत होता, तरी थांबत नव्हता.

"किनाऱ्यावर अशीच हाणणार असशील तर आधीच सांगून ठेवतो, मी वाटेत उतरेन आणि चालत येईन!"

"या चालत! मी पुढं चहा पीत बसते!"

घरात शिरल्यावर दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही, आणि दोघं कोट न काढता तसेच अंधारात भांडत राहिले.