न वाजवलेले चाक

मी एक जुने ऑइल इंजिन आहे. कुरुंदवाडजवळच्या एका शिवारात, पत्र्याच्या छपराखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, माझा आवाज मोठा आणि बांधा दणकट, त्यामुळे मी कशाला घाबरत असेन असे तुम्हाला वाटणार नाही. पण एकदा अकरा दिवस मी असा भ्यालो, की ती भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझा जन्म १९६१ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, लालभडक रस ओतून आमचे एकेक अंग घडवत. ते गार झाले की इमाम मिस्त्रींच्या पुढ्यात जाई. मिस्त्री त्याला दोरीने टांगत, हातोडीने ठोकत आणि डोळे मिटून ऐकत. अंग अखंड असेल तर घंटेसारखे वाजे. आत पोकळी किंवा तडा असेल तर नुसते 'ठप्प'. ठप्प वाजलेले अंग पुन्हा भट्टीत जाई, मग कुणी कितीही ओरडो. खणखणीत वाजले तर मिस्त्री त्यावर छिन्नीने छोटी चंद्रकोर कोरत. माझ्या दोन्ही मोठ्या चाकांवर ती होती आणि मला तिचा फार ताठा होता. खोटे कशाला बोलू!

तिथून मी चन्नाप्पांच्या गुऱ्हाळावर आलो. उसाचा चरक फिरवायचे काम माझ्याकडे होते. सतरा हंगामांत मी एकदाही रुसलो नाही. चन्नाप्पा माझ्या अंगावर थाप मारून पाहुण्यांना सांगत, "बैल दमंल, माणूस दमंल, पर ह्यो गडी दमायचा न्हाय!"

मला गार ठेवायला शेजारी पाण्याचे पिंप असे. ते भरायला तानाबाई होती. पिंपातले पाणी तापले की थंडीच्या सकाळी ती त्याला पाठ टेकून बसे आणि भाकरी खाई. "तू हाईस म्हणून माझी हाडं शेकत्यात बघ," असे ती मला म्हणे. तिच्या पाठीपासून माझे डावे चाक हातभर अंतरावर फिरत असे.

१९७८ साली गुऱ्हाळ दुसऱ्या शेतात हलवले. मला गाडीतून उतरवताना दोर सुटला आणि नेमक्या त्याच डाव्या चाकाला तडा गेला. चन्नाप्पांनी त्याच कारखान्यातून नवे चाक आणले. हिरवागार रंग, गुळगुळीत अंग आणि वर चंद्रकोर. सगळ्यांनी कौतुकाने हात फिरवला, हळदकुंकू लावले, नारळ फोडला. ठोकून मात्र कुणीच पाहिले नाही. खूण असल्यावर ठोकायचे कशाला?

पहिल्याच फेऱ्यात मला कळले. चाक एका अंगाला हलके होते. मिनिटाला शेकडो फेरे घेताना त्याच्या आत काहीतरी किरकिरत होते. बिडाचे चाक पळता पळता फुटले तर तुकडे पत्रा फाडून बाहेर जातात, हे मला माहीत होते. आणि पहिल्या तुकड्याच्या वाटेत तानाबाईची पाठ होती.

मी काय करणार? इंजिनाला तोंड नसते. मी थरथरलो, तर माझे बोल्ट आवळले. काळा धूर सोडला, तर डिझेलची नळी साफ केली. दोनदा बंद पडलो, तर चन्नाप्पा चिडून म्हणाले, "म्हातारपणी नाटकं सुचाय लागली व्हय रं?" आणि हँडल मारून पुन्हा चालू केले. तानाबाई रोज यायची, पाठ टेकायची, निवांत घास घ्यायची. मी एकेक फेरा जीव मुठीत धरून मारत होतो.

अकराव्या दिवशी थरथर फारच वाढली, तेव्हा चन्नाप्पांनी इमाम मिस्त्रींना बोलावले. कारखाना सोडून आता ते गावोगाव इंजिने दुरुस्त करत. मला बंद करून त्यांनी चाकाकडे बोट दाखवले. "हे कुठलं?"

चन्नाप्पा हसले. "तुमचीच खूण हाय की मिस्त्री!"

मिस्त्रींनी चंद्रकोरीवर अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा उतरला. "मी दोन वर्सांमागं काम सोडलंय. कारखान्याचं मालक वाजवून बघाय येळ न्हाय म्हणाले. मी कोरलेली खूण बोटाला खोल लागती. ही वर आलीया. साच्यातच घातलीया त्यांनी."

त्यांनी हातोडी मारली. ठप्प. पुन्हा मारली. ठप्प. मग रंग खरवडला, तशी आत भरलेली लांबीची पुट्टी भुगा होऊन गळाली. खाली अंगठा जाईल एवढे भोक होते आणि भोकापासून एक बारीक तडा निघाला होता.

चन्नाप्पांनी एकदा तड्याकडे पाहिले, एकदा उसाच्या ढिगाकडे. "ऊस वाळाय लागलाय, मिस्त्री. आजचं एवढं एक कढईचं आधण काढू, उद्या बदलू. अकरा दिवस चाललंय, आनि एक दिस न्हाय व्हय चालायचं?" आणि त्यांनी हँडल उचलले. माझे तर पाणीच पळाले.

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. पिंपाशी जाऊन म्हणाले, "तानाबाई, तू ऊठ. पलीकडं जा." मग तिच्या जागी, चाकाकडे पाठ करून, ते स्वतः बसले.

"करा चालू. खूण माझी हाय, तर मीच बसतो हितं."

चन्नाप्पा त्या जागेकडे बघत राहिले. तिथे रोज कोण बसते हे जणू त्यांना आज दिसले. त्यांनी हँडल खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजकडच्या एका मोडीत निघालेल्या इंजिनाचे जुने चाक मला बसवले. मिस्त्रींनी ते तानाबाईसमोर वाजवले. छान वाजले. तेव्हापासून मी पुन्हा नीट चालतो आहे.

पण मित्रांनो, माझी भीती गेली नाही. अशी खूण साच्यात घालून कुणी एकच चाक काढत नसते. ती खोटी चंद्रकोर घेऊन किती चाके गावोगाव गेली असतील, मला ठाऊक नाही. माझ्यासारखेच कुणी इंजिन आत्ता कुठेतरी थरथरत असेल आणि लोक त्याचे बोल्ट आवळत असतील. म्हणून सांगतो, रंग बघून भुलू नका, खूण बघून झोपू नका, ठोकून ऐका. आणि कोणतेही यंत्र चालू करण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसले आहे, तेवढे एकदा वळून बघा.