अवसेचं पान

पितृपक्षातल्या नवमीला, जेवणाची पानं उचलत असताना, यांनी मला शांतपणे सांगितलं की येत्या सर्वपित्री अवसेला आपण जाणार.

"कुठे?" मी विचारलं. अंबरनाथचा माणूस जाऊन जाऊन कल्याणला जातो.

"वर," हे म्हणाले.

यांना वंशावळीचा नाद. कारखान्याच्या ऑफिसातून सुटले की शिवमंदिराजवळच्या आमच्या दोन खोल्यांत हे जमिनीवर मोठा कागद पसरायचे. कागद उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून आणलेला. तो म्हणायचा, "काका, आमचा गावच तिकडे राहिला आणि तुम्ही पणजोबा शोधता." रविवारी विठ्ठलवाडी म्हणा, बदलापूर म्हणा, जिथे आमचं आडनाव कळेल तिथे हे चहा प्यायला हजर. येताना चार मेलेली माणसं घेऊन येणार. मी यांना कधी हसले नाही, असं म्हणणार नाही.

त्या दिवशी मात्र हसू फुटलं नाही. यांनी कागदावर तीन ठिकाणी बोट ठेवलं. आजोबा, वडील, धाकटे काका. तिघंही पन्नाशीच्या आतले. तिघांची तिथी भाद्रपद अवस.

"अहो, अवसेला सगळ्यांचंच पान वाढतात."

"ते मला कळतं गं. पण यांची तिथीच ती. वडिलांची मला मामांनी सांगितली होती. बाकी दोघांची गोदूआत्याने कळवली. आणि मला आता अठ्ठेचाळिसावं लागलंय."

यांची आई यांच्या लहानपणीच गेली, पाठोपाठ वडील. वाढवलं मामांनी. त्यामुळे वडिलांबद्दल यांच्यापाशी काय होतं, तर ती एक तिथी.

दुसऱ्या दिवसापासून हे जिना कठडा धरून उतरायला लागले. न्हाव्याला घरात येऊ देईनात. वस्तरा म्हणजे वस्तराच. रस्त्याने पाहावं तर एका कडेने. जेवण निम्म्यावर आलं. मला समोर बसवून ट्रंकेतले कागद कुठे आहेत ते सांगितलं, लेकीला, मीनलला, सासरहून बोलावू नकोस म्हणाले, ती घाबरेल. मी घाबरले तर चालत होतं. रात्री जाग आली की मी यांच्या नाकाशी हात धरायची, आणि एकदा हेही जागेच निघाले.

"आहे अजून," म्हणाले.

माझी भीती अशी, की अवस राहिली बाजूला, हा माणूस धसक्यानेच जाईल. मग मला एक सुचलं. यांनी सगळ्यांना तिथी विचारली होती. माणूस गेला कशाने, ते कुणालाच विचारलं नव्हतं. गुरुवारी हे ऑफिसला गेले, तशी मी बदलापूरला गोदूआत्यांकडे गेले. या यांच्या वडिलांच्या सख्ख्या बहीण. ओटीवर बसून वाल सोलत होत्या.

"आत्या, मामंजी कशाने हो गेले?"

त्यांचा हात थांबला. "श्रीपादने पाठवलं होय तुला?"

"त्यांना ठाऊक नाही."

"मग सोल जरा." वाल माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "तुझा सासरा मेला कुणी पाह्यलाय? बायकोचं वर्षश्राद्ध उरकलं, पोराला मामाकडे ठेवलं, सकाळी टोपी घातली नि गेला. त्याच्या आधी आमचे बाबा तसेच गेले. मग धाकटा. ना भांडण ना तंटा. भरल्या घरातून उठले नि गेले."

"आणि तिथी?"

"ज्याचा दिवस माहीत नाही त्याचं पान अवसेला, एवढं साधं आहे. बारा वर्षं वाट पाह्यची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा. माझी आई बारा वर्षं कुंकू लावीत होती. पुतळा जळला त्या दिवशी पुसलं. म्हणाली, आज निदान विधवा तरी झाले. मामाने पोराला काय सांगावं मग? मेला म्हणून सांगितलं."

परत येताना गाडीत मी हिशेब करत बसले. मरण टळलं होतं, हे खरं. पण मरणाला निदान दार लावता येतं, औषध देता येतं. उठून जाणाऱ्याला काय देतात? सांगावं तर यांना वाट दाखवल्यासारखं, न सांगावं तर रविवारी अवस.

संध्याकाळी यांनी भाताचे चार घास खाऊन ताट सरकवलं. तेव्हा मी सांगून टाकलं.

यांनी कागद उघडून त्या तीन नावांवर पुन्हा बोट फिरवलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताट पुन्हा पुढे ओढलं, आणि ज्याची मला धास्ती होती तेच बोलले.

"मग गेले कुठे असतील गं?"

अवसेला भटजी आले, पान वाढलं, कावळा लगेच शिवला. यांनी वडे मागून मागून खाल्ले. दुपारी गाढ झोपले. मी उंबऱ्यावर बसून रस्ता बघत होते. दारातून जायचं तर माझ्यावरून जावं लागलं असतं.

सोमवारी सकाळी हे लवकर उठले, अंघोळ केली, ऑफिसात रजेची चिठ्ठी पाठवली.

"त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो. तिथल्या उपाध्यांच्या वह्यांत नावं असतात. कुणी तिथे गेलं असेल तर कळेल."

"कधी येणार?"

"येईन दोन-चार दिवसांत." हे टोपी शोधत होते. तोंडावर अशी तरतरी मी लग्नानंतर फारशी पाहिली नव्हती.

मी आत गेले. चूल विझवली. दांडीवरचं माझं पातळ ओढून घडी केलं आणि यांच्या पिशवीत, धोतरावर ठेवलं.

"तू कशाला?" हे म्हणाले. "तुला काय त्यातलं कळतंय?"

"नाही कळत. तुम्ही वाचा, मी बसेन शेजारी."

"अगं, घर?"

"घर कुठे जात नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. काय समजले देव जाणे. टोपी घातली नि कुलूप शोधायला लागले. स्टेशनात गाडी येईपर्यंत पिशवी घ्यायला यांनी दोनदा हात पुढे केला. मी दिली नाही.